दुसरा हात

टॅक्सीवाल्याच्या गाडीचं गॅस्केट उडालं तेव्हा मी गॅस्केटवर संशय घेतला. गुरांच्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीचं उडालं तेव्हा मात्र माणसावर घेतला. दोन्ही इंजिनांची हेडं एकाच माणसाने बसवली होती आणि तो माणूस माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा होता.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. फळवाल्याने पिशवी भरून दिली की मी ती तिथेच रिकामी करते आणि पुन्हा भरते. फार वर्षांपूर्वी एकजण मला मागणी घालायला स्वतःच्या गाडीतून आला होता. आई त्याच्याशी गोडगोड बोलत बसली, तोवर मी बाहेर जाऊन त्याच्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि इंजिन ऑइलचं झाकण काढून बघितलं. झाकणाला आतून सायीसारखा पांढरट थर आला होता. म्हणजे तेलात पाणी मिसळत होतं. या गृहस्थाला ते माहीत नव्हतं, किंवा माहीत होतं आणि तो लपवत होता. मला दोन्ही चालणार नव्हतं. मी आत येऊन नाही म्हणून सांगितलं. आई शेवटपर्यंत ते बॉनेट विसरली नाही.

गॅरेज बाबांनी उभं केलेलं. खाली गॅरेज, मागच्या अंगाला माझी आणि बाबांची खोली, वर धाकटीचा संसार. वायरिंग, ब्रेक आणि क्लच मी बघते. इंजिन मात्र बाबांचं. लोक त्यांना मिस्त्री म्हणतात आणि मिस्त्रींनी बसवलेलं हेड पुन्हा उघडावं लागत नाही अशी त्यांची ख्याती होती. मग त्यांचे हात थरथरायला लागले. एकदा उघड्या इंजिनात त्यांच्या हातून एक स्क्रू पडला आणि तो शोधण्यात आमचा सगळा दिवस गेला. संध्याकाळी मी म्हटलं, "बाबा, आता पुरे. इंजिनाला हात लावायचा नाही." जरा जास्तच कडक आवाजात म्हटलं असेल. ते दुसऱ्या दिवसापासून दाराजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसायला लागले. गाडी आत आली की वर्तमानपत्र थोडं खाली यायचं, इंजिनाचा आवाज ऐकून झाला की पुन्हा वर जायचं.

त्यांच्या जागी जावईबापू आले. धाकटीने लग्न केलं तेव्हा हे एका मोठ्या वर्कशॉपमध्ये होते. तिथली नोकरी सोडून ते आमच्याकडे आले, आणि येताना स्वतःचा टॉर्कचा पाना घेऊन आले. बोल्टवर ठरवलेला जोर आला की हा पाना टक् असा आवाज करतो. मग थांबायचं. बाबांनी तो पाना हातात घेतला, एकदा टक् करून बघितला आणि परत दिला. "म्हणजे बोल्ट आवळला का, हे पान्याला विचारायचं," ते म्हणाले. जावईबापू हसले. बाबा हसले नाहीत.

जावईबापूंचं काम फार टापटीप. हेड उतरवायचं असलं की आधी पुठ्ठ्यावर हेडचं चित्र काढायचं, चित्रात बोल्टांच्या जागी भोकं पाडायची आणि निघेल तो बोल्ट त्याच्या त्याच्या भोकात खोचून ठेवायचा. हात दर थोड्या वेळाने फडक्याला पुसायचे. मला इतकी टापटीप आवडत नाही. इतका स्वच्छ मेकॅनिक बघितला की वाटतं, याला काहीतरी पुसून टाकायचं असणार. पहिल्याच आठवड्यात मी जाता जाता बाबांना म्हटलं, "जरा लक्ष ठेवा हो यांच्यावर. हात हलका वाटतो मला." बाबांनी वर्तमानपत्राआडूनच मान हलवली.

मग टॅक्सीवाल्याचं प्रकरण झालं.

इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक आणि वरचा म्हणजे हेड. या दोघांच्या मधे जी पातळ पट्टी असते ती गॅस्केट. आत जाळ होतो, तेल फिरतं आणि इंजिन थंड ठेवायला पाणी फिरतं. या तिघांना एकमेकांच्या घरात शिरू द्यायचं नाही, एवढंच गॅस्केटचं काम. हेड घट्ट दाबलेलं असलं तर ती ते इमानाने करते. दाब सुटला की ती जळते, पाणी तेलात जातं, मागच्या नळीतून पांढरा धूर येतो आणि गाडी रस्त्यात उभी राहते. टॅक्सी भर चौकात उभी राहिली, आत प्रवासी असताना. टॅक्सीवाला आमच्याकडे परत आलाच नाही. गाडी ओढत समोरच्या गॅरेजमध्ये घेऊन गेला आणि तिथल्या दारात उभा राहून आमच्याकडे बघत राहिला. मी गॅस्केट विकणाऱ्याला जाऊन फैलावर घेतलं. त्याने शपथा घेतल्या. त्याच्या शपथांवर माझा विश्वास बसला नाही, पण राग तिथे काढून झाला.

डॉक्टरीणबाई तशा नव्हत्या. त्या गावोगाव जाऊन गाईगुरं बघतात, गाडी चिखलात घालतात आणि कधी कुरकुर करत नाहीत. त्यांची गाडी ओढून आणली तेव्हा त्या शांतपणे उतरल्या. "चढावर बंद पडली," म्हणाल्या. "एक गाय अडली होती. मी चालत पोचले तोवर वासरू गेलं होतं." एवढंच बोलून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मागे वळून बघितलं तर जावईबापू मान खाली घालून हात पुसत होते. स्वच्छच होते हात.

त्या संध्याकाळी मी वर गेले आणि धाकटीसमोरच त्यांना सांगितलं, "ही गाडी तुम्हीच पुन्हा उघडा, तुम्हीच बसवा. पण ही परत आली, तर तुम्ही दुसरीकडे बघा."

जावईबापू म्हणाले, "ठीक आहे, ताई." इतक्या लगेच म्हणाले की माझ्या मनात पाल चुकचुकली. निर्दोष माणूस जरा तरी भांडतो.

धाकटी मात्र भांडली. "ते गेले तर मीही जाणार," ती म्हणाली. "आणि नुसती वरून खाली जाणार नाही. लांब जाणार. मग बाबांचं तू एकटीने बघ, आणि म्हातारपणी तुझं कोण बघेल ते आत्ताच ठरवून ठेव."

"मी कामाचं बोलते आहे," मी म्हटलं.

"तू नेहमीच कामाचं बोलतेस," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

रात्री बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "धाकटी गेली तर घरात आवाज राहायचा नाही." मला त्याचं वाईट वाटलं. म्हणूनच ठरवलं की उगाच कोणाला घालवायचं नाही. घालवायचं तर पुराव्यानिशी.

दुसऱ्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून बसले. समोर ब्रेक उघडून ठेवायचे, पण नजर डॉक्टरीणबाईंच्या गाडीवर. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय जावईबापूंनी त्याला हात लावला नाही. पाणी काढलं, बेल्ट उतरवला, वरचं झाकण काढलं. मग बोल्ट सैल केले, कडेकडून मधे येत, प्रत्येक थोडा थोडा, कारण एकदम एकच मोकळा केला तर हेड वाकतं. चूक काढायला जागा नव्हती. हेड उचलायला दुसरं माणूस लागतं म्हणून मी एका टोकाला धरलं. दोघांनी ते बाळ उचलावं तसं उचलून टेबलावर ठेवलं आणि या सगळ्यात एकमेकांशी शब्दही बोललो नाही.

गॅस्केट दोन सिलिंडरच्या मधोमध जळलं होतं. काळी रेघ, बोटाने घासली तर काजळी लागत होती. जावईबापूंनी हेडवर पोलादी पट्टी आडवी धरली आणि खालून पातळ पात्या सरकवून बघितल्या. हेड सरळ होतं. ब्लॉकही सरळ होता. मी स्वतः पुन्हा मोजलं. खरं सांगायचं तर हेड वाकलेलं निघावं असं मला वाटत होतं, म्हणजे हेड घासून सपाट करून देणाऱ्यावर खापर फोडता आलं असतं आणि घरात शांतता राहिली असती. पण सगळं सरळ होतं, फक्त गॅस्केट जळलेलं. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि कुठे ते कळत नव्हतं.

मग एक गोष्ट दिसली. जावईबापूंनी पुठ्ठ्यातला एकेक बोल्ट काढला, उजेडात धरून बघितला आणि माझ्याकडे पाठ केली. थोड्या वेळाने मी तिथून गेले तर पुठ्ठा रिकामा. हे नव्या पद्धतीचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. काढले की भंगारात. मी भंगाराचा डबा उपसला. बोल्ट त्यात नव्हते. भंगार कोणी घरी नेतं का?

दुपारी मी पाणी प्यायला म्हणून दारात आले तर जावईबापू रस्ता ओलांडून समोरच्या गॅरेजमध्ये शिरत होते. समोरच्याशी आमचं वर्षानुवर्षं बोलणं नाही. त्याने फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जावईबापूंच्या हातात दिलं. यांनी ते पिशवीत टाकलं, वर एक जुना सदरा टाकला आणि आले परत, काही झालंच नाही असा चेहरा करून.

आता माझ्या डोक्यात चित्र पुरं झालं. समोरच्याला आमचं गिऱ्हाईक हवं होतं. टॅक्सीवाला गेलाच होता. डॉक्टरीणबाई गेल्या की त्यांच्या मागून सगळे जाणार, आणि मग एक दिवस जावईबापू टॉर्कचा पाना उचलून रस्ता ओलांडणार. मला इतका राग आला की ब्रेकचं पॅड उलटं बसवलं आणि पुन्हा काढावं लागलं. बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही लक्ष ठेवताय ना?"

"ठेवतोय की," बाबा म्हणाले.

हेड बसवायचा दिवस आला. नवं गॅस्केट मी स्वतः दुसऱ्या दुकानातून आणलं होतं. नवे बोल्टही मीच मोजून दिले. जावईबापूंनी ब्लॉक पुसला, बोल्टांची भोकं हवेने साफ केली, गॅस्केट ठेवलं, मग आम्ही दोघांनी हेड अलगद वर उतरवलं. त्यांनी मधून सुरुवात करून कडेकडे जात बोल्ट आवळले. टक्, टक्, टक्. मग तो पाना बाजूला ठेवून दुसऱ्याने प्रत्येक बोल्ट ठरलेल्या कोनात फिरवला. या बोल्टांची हीच रीत. कोनात फिरवला की तो रबरासारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने हेड दाबून धरतो. मी डोळे फोडून बघत होते. चूक नव्हती.

शेवटचा बोल्ट झाला आणि त्यांनी खिशातून काहीतरी काढलं. वाकून प्रत्येक बोल्टपाशी काहीतरी केलं. मग फोन काढून इंजिनाचे फोटो घेतले, वरून आणि बाजूने. खिशात परत ठेवताना मी ती वस्तू ओळखली. धाकटीच्या लाल नेलपॉलिशची बाटली होती ती. हेड बसवायला नेलपॉलिश लागतं हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"झाकण लावत नाही?" मी विचारलं.

"जेवण झाल्यावर. अजून व्हॉल्व्हची गॅप बघायची आहे." ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. "तुम्ही जेवायला जाताय ना, ताई?"

"जाते आहे की," मी म्हटलं. मी जेवायला गेले का नाही, याची चौकशी या माणसाला कशाला हवी होती?

दुपारची आमची पद्धत ठरलेली. बाबा आधी जेवून घेतात आणि खुर्चीत बसून गॅरेज राखतात. जावईबापू वर जातात, मी मागच्या खोलीत. त्या दिवशी मी ताट वाढून घेतलं, दोन घास खाल्ले, आणि ताट तसंच झाकून ठेवलं.  थोडा वेळ तशीच बसून राहिले. मग चपला हातात घेऊन बाजूच्या दाराने गॅरेजमध्ये शिरले. आपल्याच गॅरेजमध्ये चोरासारखी.

बाबा खुर्चीत होते, तोंडावर वर्तमानपत्र. बाकी कोणी नव्हतं. मी डॉक्टरीणबाईंच्या गाडीवर वाकले. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर बारीक लाल रेघ होती. हेडवरही, बोल्टला लागूनच, बारीक लाल रेघ होती. एकच रेघ दोघांवरून ओढलेली असणार, पण आता ती जुळत नव्हती. बोल्टवरची रेघ पुढे सरकली होती. एका बोल्टची, दुसऱ्याची, सगळ्यांचीच. मी खात्री करायला बोटाने चाचपलं.

"सापडलात, ताई."

मी इतकी दचकले की डोकं बॉनेटवर आपटलं. डॉक्टरीणबाईंच्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि आतून जावईबापू बाहेर आले. मागच्या सीटवर, गुरांच्या औषधांच्या खोक्यांशेजारी, अंग चोरून पडले होते. केसांना गवत लागलं होतं.

"तुम्ही आत काय करताय?" मी विचारलं.

"तुम्ही बाहेर काय करताय?"

"माझं गॅरेज आहे."

"आणि हेड मी बसवलेलं आहे." त्यांचा आवाज चढला होता. या माणसाला आवाज चढवता येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी पिशवी आणली, फडकी उलगडली आणि बोल्ट टेबलावर मांडले. "हे डॉक्टरीणबाईंच्या गाडीतले. हे टॅक्सीतले, समोरच्याच्या हातापाया पडून मागून आणले. आणि हा कोरा. बघा."

मी बघितलं. कोरा बोल्ट वरपासून खालपर्यंत सारखा होता. बाकीचे मधोमध बारीक झाले होते, कमरेत आवळल्यासारखे.

"मी जेवढं फिरवतो तेवढ्याने असं होत नाही," जावईबापू म्हणाले. "मी आवळल्यावर कोणीतरी पुन्हा आवळलंय. बोल्ट ताणून ताणून मेलाय. वरून घट्ट वाटतो, पण पकड गेलेली असते. मग गॅस्केट जळणारच. म्हणून आज रेघा काढल्या. फोटो काढले. मी वर गेल्यावर इथे कोण असतं, ताई? बाबांच्या हातांना पाना धरवत नाही. तुम्ही असता. मी इथून जावं असं कोणाला वाटतं? तुम्हाला वाटतं. पहिल्या दिवसापासून वाटतं. डोळा लागला माझा मधे, नाहीतर पाना हातात असतानाच धरलं असतं."

मला आधी हसू आलं, मग राग आला, आणि मग दोन्ही जाऊन नुसतंच लाजल्यासारखं झालं. मी या माणसावर पाळत ठेवून होते, आणि हा माझ्यावर. मी त्याला समोरच्याचा हस्तक ठरवलं होतं, त्याने मला एका गाईच्या वासराच्या जिवावर उठलेली ठरवलं होतं. आणि तरीही माझं पहिलं वाक्य निघालं ते असं:

"रेघा तुम्हीच सरकवल्या नसतील कशावरून?"

"ताई," ते म्हणाले, आणि फोटो दाखवायला त्यांनी फोन काढला.

वर्तमानपत्र सळसळलं.

"कशाला भांडताय?" बाबा म्हणाले. "दुसरा हात मी दिलाय."

आम्ही दोघंही वळलो. बाबांनी खुर्चीखालून लांब दांड्याचा जुना पाना काढला. तो कधीच विकून टाकला असं मी समजत होते. पान्याला फडकं गुंडाळलेलं होतं आणि बाबांच्या तळव्यांना ताजं ग्रीस होतं.

"हेड बसवलं की गॅस्केट थोडं दबतं," बाबा सांगू लागले, जसं ते पूर्वी शिकाऊ पोरांना सांगायचे. "बोल्ट सैल पडतो. मग दुसरा हात द्यायचा. आम्ही प्रत्येक हेडला द्यायचो. म्हणून तर कधी परत आलं नाही. तुम्ही देत नव्हता, म्हटलं राहून जात असेल. जेवायला जाता तेव्हा देत होतो. दोन्ही हातांनी दांडा धरला की थरथर होत नाही."

जावईबापूंचा राग कुठे गेला कळलं नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "बाबा, तुमच्या इंजिनांना ते लागायचं. बरोबर होतं ते. ह्या बोल्टना चालत नाही. हे एकदाच ताणायचे."

बाबांनी हात पुढे केला. जावईबापूंनी एक बारीक झालेला बोल्ट त्यांच्या हातात दिला. बाबांनी डोळे मिटले आणि अंगठा वरून खाली फिरवला. कमरेपाशी अंगठा थांबला. परत वर नेला, परत खाली आणला, परत तिथेच थांबला. त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही.

"हा टॅक्सीचा?"

"हो."

"आणि डॉक्टरीणबाईंचेही असेच?"

"हो, बाबा."

बाबांनी बोल्ट मांडीवर ठेवला. हात आता चांगलेच थरथरत होते. "म्हणजे ते वासरू," ते म्हणाले आणि थांबले.

मला ते बघवेना. आणि मला काही बघवेनासं झालं की मी चिडते. "बाबा, तुम्हाला मी सांगितलं होतं ना, इंजिनाला हात लावायचा नाही म्हणून? साफ सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "मग तूच म्हणालीस, जावईबापूंवर लक्ष ठेवा. त्यांचा हात हलका आहे म्हणालीस. मी बघितलं. मला तर हात चांगला वाटला त्यांचा. पण तू म्हणतेस म्हणजे काहीतरी असेल, असं वाटलं. परवाही विचारलंस, लक्ष ठेवताय ना. लक्ष ठेवायचं म्हणजे काय नुसतं बसून बघायचं?"

 मी जावईबापूंकडे बघायचं टाळत होते, पण ते माझ्याकडे बघत होते हे मला मानेवर कळत होतं. त्यांनी ओरडावं, मला वाटेल ते बोलावं, याची मी वाट बघत राहिले. मला ते चाललं असतं. मी उलट बोलू शकले असते.

"बोल्ट नवे लागतील, ताई," ते म्हणाले. "आणि गॅस्केटही."

मी जाऊन दोन्ही आणलं. संध्याकाळपर्यंत आम्ही हेड पुन्हा उतरवलं आणि पुन्हा बसवलं. बाबा वर धाकटीकडे जाऊन झोपले होते. मी माझ्या टोकाला हेड धरलं होतं आणि माझं चुकलं असं म्हणायला तोंड उघडलं होतं, पण जावईबापू म्हणाले, "जरा डावीकडे," आणि मी डावीकडे घेतलं. मग ती वेळ गेली. डॉक्टरीणबाईंना मी दुसऱ्या दिवशी खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मिस्त्रींवर माझा राग नाही, सांगा त्यांना." माझ्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

त्यांची गाडी परत आली नाही. त्यानंतर कुठलीच आली नाही. जावईबापू राहिले, धाकटीही राहिली. टॅक्सीवाला एकदा हॉर्न दुरुस्त करायच्या निमित्ताने डोकावून गेला. लांब दांड्याचा पाना माझ्या कपाटात कुलपात आहे आणि किल्ली माझ्या गळ्यात. बाबा आता दुपारी वरच असतात. धाकटी त्यांना जेवायला वाढते, बोलत बसते, आणि खाली तिचं हसू ऐकू येतं. खुर्ची दाराजवळ रिकामी असते.

जावईबापू अजूनही हेड बसवून झालं की खिशातून ती लाल बाटली काढतात. आता पाठ करत नाहीत. माझ्यासमोर, सावकाश, प्रत्येक बोल्टवर रेघ ओढतात, फोटो घेतात, हात पुसतात आणि "येतो, ताई" म्हणून वर जेवायला जातात. बाबांच्या हातात आता पाना नाही. दुपारी खाली माझ्याशिवाय कोणीच नसतं. मी ताट गॅरेजमध्येच आणते आणि इंजिनापासून जरा लांब बसून जेवते.